हंस ठेवायचा कुठे

त्या घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की कोणी आधी कपाटं उघडत नसे. आधी धाकट्या सुनेला हाक जाई. "तू शेवटची कधी पाहिलीस?" असं विचारलं की ती क्षणभर छताकडे बघे, मग खुदकन हसे, आणि त्या हसण्यावरून बाकीचे काय ते ओळखत. कात्री एकदा फ्रीजमध्ये सापडली होती, लोण्याच्या डब्याशेजारी. डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधणं तर रोजचंच. "काखेत कळसा ही म्हण आपल्या वहिनीला बघूनच कुणीतरी केली असणार," असं तिची नणंद आल्यागेल्याला सांगायची. धाकटी सून चालायची म्हणजे चालायची कसली, भिरभिरायची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासऱ्यांनी तिचं नाव भिरभिरी ठेवलं, आणि चाळिशी उलटली तरी ते तिला चिकटलेलंच होतं. तिलाही ते आवडायचं.

घराच्या तळमजल्यावर त्यांचा भरतकामाचा कारखाना होता. कारखाना हे आपलं म्हणायला. दोन खोल्यांमधली भिंत पाडून केलेली एक लांबलचक खोली, तिच्यात भरतकामाची तीन मशीनं, भिंतीवर रंगीत दोऱ्यांची रिळं, आणि कोपऱ्यात इस्त्रीचं टेबल. टॉवेल, टोप्या, ॲप्रन, गणवेशाचे खिसे यांच्यावर चित्रं आणि नावं भरून द्यायची. थोरल्या जाऊबाई चित्रं काढायच्या. त्यांचा हात पक्का आणि स्वभावही. नणंद रंग ठरवायची आणि मशीन चालवायची, दोन्ही वाऱ्याच्या वेगाने. सासरे गिऱ्हाइकांशी बोलायचे आणि अक्षरांतल्या चुका काढायचे. भिरभिरीचा नवरा मशीनं दुरुस्त करायचा. आणि भिरभिरी? ती उलट्या बाजूचे सुटलेले दोरे कापायची. त्यात हरवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते काम तिला दिलं होतं. तरी कात्री हरवायचीच.

मग कॉम्प्युटर आला. जुनाच, एक ऑफिस बंद होत होतं तिथून उचललेला. आणून देणाऱ्या माणसाने टेबलावर ठेवताना सांगितलं, "यात लिनक्स आहे बरं का."

"म्हणजे नक्की काय बिघडलंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"बिघडलेलं नाही हो काका. वेगळं आहे."

त्याने चौघांची चार खाती करून दिली. थोरल्या जाऊबाईंचं एक, नणंदेचं एक, भिरभिरीचं एक आणि सासऱ्यांचं एक. ज्याने त्याने आपला पासवर्ड टाकायचा, आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये आपलं सामान ठेवायचं. नवऱ्याने खातं घेतलं नाही. ज्याला पाना लागत नाही त्या यंत्राला आपण हात लावत नाही, असं त्याने स्वच्छ सांगून टाकलं.

भिरभिरीची खुर्ची कॉम्प्युटरला लागून होती, तेवढ्याच जवळिकीने तिची त्याच्याशी गट्टी जमली. दोरे कापून झाले की ती त्यात डोकावायची. एका सकाळी तिला फाईलींच्या खिडकीत वर जाण्याचा एक बाण दिसला. तिने तो दाबला. आपल्या फोल्डरातून बाहेर पडली, तर तिथे चौघांचे फोल्डर शेजारी शेजारी. पुन्हा दाबला. आणखी वर गेली. मग बाण फिका पडला. त्याच्या वर काहीच नव्हतं. नुसती एक तिरकी रेघ.

"ताई!" ती ओरडली. "ताई, मी टोकाला पोचले! याच्यावर काही नाहीच्चे!"

थोरल्या जाऊबाई स्वयंपाकघरातून निघाल्या त्या थेट गच्चीच्या जिन्याकडे धावल्या. अर्ध्या जिन्यात त्यांना उमगलं की आवाज खालून येतोय. त्या धापा टाकत कारखान्यात आल्या, तेव्हा भिरभिरी खुर्चीत बसल्या बसल्या उड्या मारत होती.

"हे बघा, हे सगळ्याचं मूळ. मूळ वरती आणि फांद्या खाली! आणि ही बघा एकेक खोली. बिन, बूट, होम. आपण सगळे या होममध्ये राहतो. आणि ही बघा, ईटीसी! म्हणजे वगैरे! ताई, यांनी चक्क 'वगैरे' नावाची खोली बांधलीय!"

"मग?"

"मग काय! माझं सगळं आयुष्य याच खोलीत जायला हवं होतं."

तिला हसू फुटलं आणि हसता हसता उचकी लागली. तिचं हे नेहमीचं होतं. आनंद जरा जास्त झाला की उचकी. थोरल्या जाऊबाईंनी पाण्याचा पेला आणून दिला आणि कपाळाला हात लावून त्या परत गेल्या.

हे सगळं कौतुकापुरतंच राहिलं असतं. पण हंस आला.

समुद्रकाठच्या एका छोट्या हॉटेलच्या मालकीणबाई टॉवेलांची ऑर्डर घेऊन आल्या. प्रत्येक टॉवेलाच्या कोपऱ्यात हंस हवा होता. थोरल्या जाऊबाईंनी हंस काढला, नमुना भरून दाखवला. मालकीणबाईंनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि नम्रपणे विचारलं, "ही किटली का?"

थोरल्या जाऊबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण पुन्हा पाहिलं तर बाईंचं खोटं नव्हतं. मान म्हणजे हुबेहूब किटलीची तोटी. त्यांनी मान बारीक केली, पंख पसरले, शेपूट उचलली. नवा हंस असा उतरला की आता उडेल. मालकीणबाई खूश होऊन गेल्या.

आता घोटाळा असा की नवा हंस होता थोरल्या जाऊबाईंच्या फोल्डरमध्ये. आणि नणंदेने जुना हंस पेनड्राइव्हने आपल्या फोल्डरमध्ये कधीच नेऊन ठेवला होता. तिच्याकडे 'हंस' होता, 'हंस नवा' होता, 'हंस शेवटचा' होता आणि 'हंस शेवटचा खरंच' होता, आणि चारही किटल्याच होत्या. तिने 'खरंच' वर विश्वास ठेवला. वाऱ्याच्या वेगाने सगळे टॉवेल भरून, इस्त्री करून, बांधून मोकळी झाली.

मालकीणबाई गठ्ठा सोडून बघतात तो काय. त्यांनी एक टॉवेल उलगडून सगळ्यांसमोर धरला.

"माझ्या पाहुण्यांनी याने अंग पुसायचं, की चहा मागवायचा?"

नेमक्या त्याच वेळी भिरभिरीची उचकी ऐकू आली. बिचारीने तोंडात ॲप्रनचा बोळा कोंबला होता, तरी. मालकीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, टॉवेलाकडे पाहिलं, आणि मग त्याच इतक्या हसायला लागल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. नवे टॉवेल भरून द्यायचं ठरलं. किटल्यांचे टॉवेल घरातच राहिले. त्या घरात पुढे कितीतरी वर्षं सगळे किटलीनेच अंग पुसत.

त्या दुपारी चहाला सगळे इस्त्रीच्या टेबलाभोवती जमले. सासरे म्हणाले, "हे असं चालायचं नाही. एक हंस, एक जागा. ज्याला हवा त्याने तिथून घ्यावा."

"माझ्या फोल्डरमध्ये ठेवा," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. "मी सगळ्यांना उघडून देते."

"आणि ताई, तुम्ही रागावलात की कुलूप लावता," नणंद म्हणाली.

"मी कधी रागावते?"

यावर सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं.

"टीएमपी नावाचा एक फोल्डर आहे," नणंद म्हणाली. "मी बघितलाय. तिथे कुणीही काहीही ठेवू शकतं. परवानगीची भानगड नाही, काही नाही. रस्त्यावरच्या बाकासारखं."

"छे, छे," सासरे म्हणाले. त्यांनीही बघून ठेवलं होतं. "यूएसआर म्हणून आहे, त्याच्या आत शेअर म्हणून आहे. शेअर! नावातच आलं सगळं. दारावर पाटी लावलीय आणि तुम्ही पत्ता विचारत हिंडताय."

"मी शोधते ना," भिरभिरी म्हणाली.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. मग नवऱ्याने हळूच विचारलं, "तू? ठेवणार?"

"ठेवणार नाही हो. कुठे ठेवायचं ते शोधणार. ठेवतील बाकीचे."

हे म्हणणं सगळ्यांना पटण्यासारखं होतं. फक्त नणंदेला धीर नव्हता. चहाचे कप धुतले जाईपर्यंत तिने आपल्या सगळ्या नक्ष्या उचलून टीएमपीमध्ये नेऊन टाकल्या होत्या. दिवसभर काम इतकं सुरळीत चाललं की तिला दोन बोटं स्वर्ग उरला. "शोधत बसा तुम्ही," ती म्हणाली. "मी पोचले."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर टीएमपी रिकामा. घासून पुसून लख्ख.

नणंदेने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. मग म्हणाली, "चोरी झाली."

भिरभिरी वाचू लागली. कॉम्प्युटरमध्येच त्या सगळ्या झाडाची माहिती देणारं एक पान होतं, कोणत्या फोल्डरमध्ये काय ठेवायचं ते सांगणारं. त्यात टीएमपीपुढे लिहिलं होतं की हा तात्पुरत्या सामानासाठी आहे, मशीन बंद होऊन सुरू झालं की यातलं राहीलच असं नाही.

"वन्सं, चोरी नाही झाली," ती म्हणाली. "झाडू मारलाय. तो रस्त्यावरचाच बाक आहे, पण रोज सकाळी तिथे झाडूवाला येतो."

हंस थोरल्या जाऊबाईंकडे होते, ते वाचले. त्यांनी सगळं आपल्यापाशी ठेवूनच टीएमपीचं कौतुक ऐकलं होतं. नणंदेच्या वेलबुट्ट्या मात्र गेल्या, आणि एक ससा. सशासाठी तिने अर्धा दिवस तोंड फुगवलं. मग जुन्या नमुन्याच्या कापडावरून तो पुन्हा काढायला बसली आणि संध्याकाळी कबूल केलं की पहिल्यापेक्षा बरा झालाय, कान तरी सारखे आलेत.

भिरभिरी मात्र आता कामातून गेली होती. ते पान तिने मोठ्या अक्षरांत छापून घेतलं, त्याची पाचसहा पानं झाली, आणि ती घेऊन घरभर हिंडू लागली. बटाटे सोलताना वाच, केस विंचरताना वाच. नवरा दाढी करत असला की बाथरूमच्या दाराशी उभी राहून त्याला सांग, "अहो, ऑप्टमध्ये बाहेरून आणलेले मोठमोठे प्रोग्रॅम राहतात. भाडेकरूंसारखे. आपापलं सामान घेऊन येतात."

"बरं," नवरा म्हणे. त्याचा गाल कापता कापता वाचे.

"आणि व्हीएआरमध्ये बदलत राहणाऱ्या गोष्टी. नोंदी, रांगेतली छपाई. म्हणजे आपल्या वन्सं."

कान दुखेपर्यंत ऐकून घेतल्यावर नवरा एवढंच म्हणाला, "तू इतकी खूश शेवटची कधी होतीस, आठवतच नाही." ती छताकडे बघत आठवायला लागली, तोवर त्याने दाढी उरकली.

सासऱ्यांना समजावणं हे नाजूक काम होतं. ती त्यांच्यासाठी चहा घेऊन गेली आणि शेजारी बसली.

"बाबा, तुमच्या शेअरचं सांगायचं होतं."

"झालं ना नक्की?"

"तिथे प्रोग्रॅमांचं आपापसातलं सामान असतं हो. त्यांची चित्रं, त्यांच्या अक्षरांची वळणं. माणसांचं नाही. नवीन अपडेट आलं की ते तिथलं हवं तसं हलवतात, बदलतात. आपला हंस कुठे चेंगरला तर कुणाला विचारायचं?"

सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!" आणखी एक घोट घेतला. "शेअर म्हणे."

आता निवडायची वेळ आली, आणि भिरभिरीने निवडलं एमएनटी. का? तर तो फोल्डर अगदी रिकामा होता. एवढ्या भरलेल्या घरात एक रिकामी खोली बघून तिचा जीव हरखला. त्यापुढे काय लिहिलंय ते तिने छापलेल्या कागदावर वाचलंच नाही, कारण नेमकं तेवढं पान कुठेतरी गेलं होतं. कॉम्प्युटरवाल्याने चिठ्ठीवर लिहून दिलेला मुख्य पासवर्ड टाकून तिने सगळ्या नक्ष्या तिथे आणून मांडल्या आणि फोल्डर सगळ्यांना उघडा केला. हंस, ससा, नांगर, चेरीची जोडी, गणवेशांचे बिल्ले. कुणीही यावं, उघडावं, मशीनवर न्यावं. पुढचे काही दिवस इतके गोडीत गेले की थोरल्या जाऊबाई एकदा शीळ घालताना सापडल्या.

मग मालकीणबाई एक जुनी डिस्क घेऊन आल्या. तिच्यात त्यांच्या हॉटेलचे फोटो होते. त्यातलं काहीतरी पुढच्या टॉवेलांसाठी निवडायचं होतं. डिस्क जोडली, पण आपसूक दिसेना. भिरभिरीने इकडेतिकडे वाचलं आणि सांगितलं होतं तशी आज्ञा टाइप केली. जुनी डिस्क एमएनटीला जोडायची, असं त्या आज्ञेत होतं. तिला वाटलं, चला, रिकाम्या खोलीत आणखी एक पाहुणा.

फोल्डर उघडला. हंस नाही. ससा नाही. नांगर नाही, चेरी नाही. एक मांजर होतं. मालकीणबाईंचं मांजर, खिडकीत, मांजर, जिन्यावर, मांजर, एका पाहुण्याच्या टोपीत. खालपर्यंत मांजरच मांजर.

भिरभिरी पडद्याजवळ सरकली. तिने फोल्डर बंद केला, उघडला. मांजर. पुन्हा बंद केला, उघडला. मांजर आता तिच्याकडेच बघतंय असं वाटायला लागलं. तिने नणंदेला हाक मारली, नणंदेने थोरल्या जाऊबाईंना, थोरल्या जाऊबाईंनी कुणालाच नाही. त्या फक्त मटकन स्टुलावर बसल्या.

"सगळं गेलं?" त्यांनी विचारलं.

"ताई, मी काही केलं नाही हो. मी फक्त जागा दिली."

"तू कात्रीलाही फक्त जागाच दिली होतीस."

भिरभिरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने ती डिस्क सोडवायची आज्ञा दिली. दुसरं काय करणार, पाहुण्याला निदान घरी पाठवावं म्हणून. आणि सवयीने पुन्हा फोल्डर उघडला.

हंस. ससा. नांगर. चेरीची जोडी. बिल्ले.

 भिरभिरीने डिस्क पुन्हा जोडली. मांजर. सोडवली. हंस. जोडली. मांजर. सोडवली. हंस.

"खाली होतं!" ती किंचाळली. "खाली होतं हो ताई! गालिचा अंथरला की जमीन दिसेनाशी होते, तसं! मांजराच्या खाली हंस होता!"

तिने नवऱ्याला बोलावलं, त्याला दाखवलं. सासऱ्यांना दुपारच्या झोपेतून उठवून आणलं, त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "पुन्हा कर." तिने पुन्हा केलं. "आता मी," म्हणत नणंदेने तिच्या हातून कीबोर्ड घेतला. हंस, मांजर, हंस, मांजर. शेवटी थोरल्या जाऊबाईही स्टूल सरकवून पुढे आल्या. कुणालाही वाटलं असतं हे लोक आयुष्यात पहिल्यांदा जादूचे प्रयोग बघताहेत. भिरभिरीने इस्त्रीच्या टेबलाभोवती गिरकी घेतली, दुसरी घेतली, तिसरीला दोऱ्यांच्या रिळांवर आदळली आणि सगळा लाल रंग खोलीभर घरंगळत गेला. रिळं गोळा करायलाही कुणी उठलं नाही. तिची उचकी तर रात्रीच्या जेवणापर्यंत टिकली.

हरवलेलं पान इस्त्रीच्या कापडाखाली मिळालं. एमएनटीपुढे लिहिलं होतं, बाहेरची डिस्क थोडा वेळ टांगून ठेवायची जागा. "खुंटी आहे ही," भिरभिरी सगळ्यांना सांगत सुटली. "मी खुंटीला संसार मांडला होता!" स्वतःच्या चुकीवर इतकं खूश झालेलं माणूस त्या घराने पूर्वी पाहिलं नव्हतं.

आणि त्याच पानावर, तळाशी, एसआरव्ही होता. त्यापुढे एकच ओळ. या मशीनवरून जे काही इतरांच्या वापरासाठी द्यायचं, ते इथे. ही ओळ तिने मोठ्याने वाचली. मग हळू वाचली. कुणा एकाच्या खोलीत नाही, रस्त्यावर नाही, खुंटीला नाही, प्रोग्रॅमांच्या सामानात नाही.

"होममध्येच एक 'सगळ्यांचं' नावाचा फोल्डर केला तर?" थोरल्या जाऊबाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता.

"चालेल की. पुष्कळ लोक तसंच करतात म्हणे. पण तिथे माणसं राहतात ताई. उद्या बाबा विचारतील, हा 'सगळ्यांचं' कोण आला राहायला, याला जेवायला वाढलं का?"

सासरे लगेच म्हणाले, "विचारीनच."

झालं. एसआरव्हीच्या आत 'नक्षी' नावाचा फोल्डर झाला. यावेळी तिने सगळ्यांना सगळं उघडं टाकलं नाही. 'कारखाना' नावाचा एक गट केला, चौघांना त्या गटात घातलं आणि फोल्डर गटाच्या नावावर केला. गटातल्यांनी ठेवावं, घ्यावं, बदलावं. बाहेरच्यांनी बघावं फक्त. "मी आता गटात आहे," असं सासऱ्यांनी त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना सांगितलं.

पण संध्याकाळी कारखान्यात थोरल्या जाऊबाईंचा आवाज चढला. नणंदेने नवीन खेकडा काढून तिथे ठेवला होता. मांजराच्या एका फोटोत मागे समुद्रकाठी एक खेकडा दिसला, तोच मालकीणबाईंनी पसंत केला होता. खेकड्याचे पाय मोजले तर एक कमी. थोरल्या जाऊबाई पाय लावायला गेल्या, लावला, जतन करायला गेल्या, तर पडद्यावर आलं, परवानगी नाही.

"मला?" त्या म्हणाल्या. "मला परवानगी नाही? या घरात?"

"ताई, ते तुम्हाला नाही म्हणत."

"मग कुणाला म्हणतंय? इथे दुसरं कोण बसलंय?"

भिरभिरीने बघितलं. फोल्डर गटाचा होता, पण खेकडा नणंदेच्या नावावरच जन्मला होता, आणि त्यावर फक्त तिलाच लिहिता येत होतं. त्यासाठीही उपाय होता. फोल्डरवरच एक खूण करायची, की इथे जे काही नवं जन्माला येईल ते आपोआप गटाचं. आणि चौघांच्या खात्यांत सांगून ठेवायचं, की मी जे करीन त्यात गटातल्यांनाही बदल करता येऊ दे. हे करताना तिने दोनदा चुकीचं टाइप केलं. एकदा तर सगळ्यांनाच कुलूप लागलं, खुद्द तिलाही, आणि नणंद म्हणाली, "वहिनी, आता तर हंसालाही आत जाता येणार नाही." पण शेवटी जमलं. जुना खेकडाही तिने गटाच्या नावावर करून दिला.

"बसा ताई," ती म्हणाली. "लावा पाय."

थोरल्या जाऊबाईंनी पाय लावला. जतन केलं. पडद्याने चूं केलं नाही. त्यांनी जराशा अविश्वासाने मागे वळून पाहिलं, मग आणखी एका पायाला बाक दिला. पुन्हा जतन. मग त्या उठल्या आणि नणंद बसली. तिने आपल्या खात्यातून तोच खेकडा उघडला आणि त्याला केशरी केलं. ती उठली तशी सासरे बसले. त्यांना काढता काही येत नव्हतं. खाली हॉटेलचं नाव होतं, त्यात त्यांनी एक काना दुरुस्त केला आणि छाती काढून उठले. भिरभिरी शेवटी बसली. तिने खेकड्याचा एक डोळा मिटवला.

"हे काय?" थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

"डोळा मारतोय."

"काढ तो."

"तुम्ही काढा. परवानगी आहे तुम्हाला."

थोरल्या जाऊबाई खुर्चीत बसल्या, माउसवर हात ठेवला, खेकड्याकडे बघत राहिल्या. खेकडा त्यांच्याकडे बघत होता, एका डोळ्याने. त्यांचे ओठ हलले. मग खांदे हलायला लागले. मग त्यांनी डोकं टेबलावर टेकलं आणि अशा हसल्या की त्यांच्या थोरलेपणाला शोभेना. खेकडा तसाच राहिला.

एसआरव्हीमधला नक्षीचा फोल्डर अजूनही तिथेच आहे. मधे कॉम्प्युटर बदलला, तेव्हा तेवढा एक फोल्डर उचलून नव्यात ठेवला की झालं. काय कुणाच्या खोलीत राहिलं, हे शोधत बसावं लागलं नाही. हे भिरभिरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. पुढच्या गल्लीतल्या बेकरीवाल्या बाई आपल्या केकांच्या चित्रांसाठी तिला बोलावून घेऊन गेल्या, त्यांच्याकडून शिंप्याने नेलं. दोरे कापायचं काम आता सगळे मिळून करतात. कात्री अजूनही हरवते, पण ते निराळं.

खेकड्यांचे टॉवेल न्यायला मालकीणबाई आल्या त्या दिवशी त्यांनी गठ्ठा सोडला, एक टॉवेल उलगडला आणि उजेडाकडे धरला. 

"हा डोळा मारतोय माझ्याकडे बघून," मालकीणबाई म्हणाल्या. "कुणी काढला हा?"

थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, नणंदेने. नणंद म्हणाली, छे, पाय ताईंचे आहेत. सासरे म्हणाले, काना माझा. कुणाला काही ठरवता येईना, आणि बाहेर मालकीणबाईंची टॅक्सी हॉर्न वाजवू लागली.

"थांबू दे त्याला," भिरभिरी म्हणाली, आणि तिने त्यांना हाताला धरून कॉम्प्युटरसमोर बसवलंच. "तुम्ही आधी ही तिरकी रेघ बघा. इथून सुरू होतं सगळं. हं, आता खाली या. ही खोली बघा, हिचं नाव आहे वगैरे..."

टॅक्सीवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. मालकीणबाईंनी पर्स मांडीवर ठेवली आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.